नजीरच्या पापलेटांची बदनामी

मंजुळाबाई भांडायला उभी राहिली की वागळे इस्टेटमधले भोंगेसुद्धा गप्प बसतात, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. ठाण्याच्या मासळी बाजारातली तिची जागा सासूकडून आलेली. तिच्या डाव्या हाताला चौदा वर्षं नजीर बसत होता. तो कल्याणचा, जुन्या कोकणी मुसलमान घरातला. मराठी इतकी अस्सल बोलायचा की नवं गिऱ्हाईक त्याचं नाव ऐकून दचकायचं.

मासळी विकणं हा दोघांचा जोडधंदा. मुख्य धंदा एकमेकांच्या मालाची अब्रू काढण्याचा. नजीरचे पापलेट आपल्या लग्नापासून बर्फात आहेत, असं मंजुळाबाई सांगायची. मंजुळाबायच्या सुरमईला पेन्शन सुरू झालीय, असं तो सांगायचा. औषध मारलेलं, मढ्यावरचं, गटारातलं, तोंडाला येईल ते. गिऱ्हाइकं हसायची आणि ज्याचं बोलणं जास्त झणझणीत त्याच्याकडून घ्यायची. दुपारी बाजार उतरला की त्याच नजीरच्या थर्मासमधला चहा मंजुळाबाई बशीत ओतून प्यायची आणि उरलेले बोंबील त्याच्या बायकोसाठी पिशवीत टाकायची. ओटे धुतले की सकाळच्या शिव्याही पाण्याबरोबर वाहून जायच्या. बाजारात जन्म काढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. फोनला ते ठाऊक नसतं, हे मात्र मंजुळाबाईला कोणी सांगितलं नव्हतं.

फोनवरचा धंदा तिच्या सुनेनं, वर्षालीनं सुरू केला होता. घोडबंदर रोडच्या उंच सोसायट्यांतल्या बायकांचा तिनं एक ग्रुप केला. रोज सकाळी मंजुळाबाई त्यात आवाज रेकॉर्ड करून टाकायची, बाजारात ओरडावं तशी. बायकांना ते फार आवडायचं. नजीरही स्कूटरवरून त्याच सोसायट्यांत माल पोचवू लागला होता, त्यामुळे तिथंही त्याची रोज यथेच्छ बदनामी व्हायची, आणि त्याला ते ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी बातमी आली की घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गेटबाहेर नजीरला मारलं. सात-आठ जण होते, तोंडाला रुमाल बांधलेले. मासळी रस्त्यावर ओतून तिच्यावर फिनेल टाकलं. त्याचा उजवा हात मोडला, दोन बरगड्यांना चीर गेली. त्याआधी एक क्लिप फिरत होती म्हणे, 'हे लोक' मासळीत विष घालतात अशी. मंजुळाबाईनं रिकाम्या ओट्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. त्या दिवशी तिनं कोणाशी भांडण केलं नाही.

गुरुवारी मासळीला उठाव नसतो, म्हणून पोलीस चौकीतल्या साहेबांनी त्याच दुपारी समाजमंदिरात शांतता समितीची बैठक लावली. मंजुळाबाई समितीवर होती. दोन मंडळांची पोरं विसर्जनाला एकमेकांवर धावून गेली तेव्हा तिनं नुसत्या आवाजावर त्यांना थोपवलं होतं, म्हणून तिला घेतलेलं. निघताना वर्षाली आडवी आली. आज नका जाऊ आई, तुमचे पाय दुखतायत, असं तीनतीनदा म्हणाली. माझे पाय गेली वीस वर्षं दुखतायत, असं सांगून मंजुळाबाई नेहमीसारखी पहिल्या रांगेत जाऊन बसली. वर्षाली मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

साहेब तरुण होते आणि मनापासून बोलत होते. मारणारे कोण, काही कळत नव्हतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात रुमालच दिसत होते, तक्रार अनोळखी इसमांवर होती. पण हे सगळं एका क्लिपमधून सुरू झालंय, असं ते म्हणाले. आपल्या वस्तीत कोणाचं डोकं फिरायला लागलंय ते आधी शेजाऱ्याला दिसतं, पोलिसाला नंतर. शेजाऱ्यानं वेळीच तोंड उघडलं तर आमची गरज पडणार नाही.

तेवढं ऐकल्यावर मंजुळाबाईला राहवेना. ती उठली. नजीर चौदा वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय, त्यानं कोणाला शिळा बोंबील विकला नाही, असं तिनं सभेला सांगितलं. मग तिचा आवाज चढला.

"ज्या तोंडानं ही घाण पसरवली ना, त्या तोंडान किडे पडतील. त्याला हितं आना. मी बघतंय त्याच्याकडं."

टाळ्या पडल्या, पण तुरळक. तिला वाटलं, लोक घाबरलेत.

साहेबांनी त्यांचा फोन स्पीकरला जोडला. विखार कसा पसरतो ते कानांनी ऐकलेलं बरं, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि सभागृहात मंजुळाबाईचा आवाज घुमला. बायांनो, त्याच्याकडचं म्हावरं घेऊ नका, औषध मारलेलं असतं, पोराबाळांना घालाल तर हॉस्पिटलात न्याल.

प्रथम तिला वाटलं, कोणीतरी आपली नक्कल केलीय. मग पाठीमागचा कोंबडा ऐकू आला, तिच्याच अंगणातला, आणि तिला रविवारची सकाळ आठवली. नजीरचं नाव घेतलं होतं, ते कापलेलं होतं. ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. पुढे ती खळखळून हसली होती आणि म्हणाली होती की थट्टा करतंय गं, तो पण चांगला आहे, पण आधी माझ्याकडे या. ते हसणं येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. क्लिप संपली. खाली काय लिहिलंय ते साहेबांनी वाचून दाखवलं: 'ऐका, आपली कोळी मावशीच सांगतेय, हे लोक काय खायला घालतात.'

मंजुळाबाईनं मागं वळून पाहिलं. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. बाजारातल्या बायका, मंडळाची पोरं, कोळीवाड्याचा वयस्क पंच धाकू, सगळ्यांना तो आवाज आधीच पोचला होता आणि सगळ्यांनी तो ओळखला होता. अख्ख्या सभागृहात दोघांनाच काही माहीत नव्हतं, साहेबांना आणि तिला.

धाकूनं तिचा पदर हळूच ओढला. "बस गो. सायबाला ठावं नाय," तो पुटपुटला.

बसली असती तर काही झालं नसतं. लोक गप्प राहिलेच होते, आणखी गप्प राहिले असते. पण ती बसली नाही. आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखी, अगदी बारीक सुरात ती म्हणाली, "सायेब, ह्यो आवाज माजा हाय."

साहेबांनी फोन स्पीकरपासून काढला. मग त्यांनी सांगितलं की सकाळी चौकीत येऊन जबाब द्या, आणि वकील मिळाला तर बरं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यानं तिला जास्तच लागलं.

ती तशीच रिक्षा करून कल्याणला निघाली. वर्षाली शेजारी बसली होती. कळवा मागं पडल्यावर ती रडायला लागली.

"मंगळवारीच आलेली मला ती क्लिप. कोपरच्या माहेरच्या ग्रुपवर. मी डिलीट केली."

"मंग बुधवारी त्याला तिकडं जाऊ कसा दिलास?"

लोक तुमच्याकडे बोट दाखवतील म्हणून बोलले नाही, असं वर्षाली म्हणाली. मंजुळाबाईला सुनेचा संताप आला, आणि लगेच कळलं की संताप करायला आपल्याकडे तोंड उरलेलं नाही.

नजीरच्या बायकोनं दार उघडलं. या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. नजीर पलंगावर उशांना टेकून बसला होता, हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. मंजुळाबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: आवाज माझा आहे, मी कबूल केलंय, उद्या जबाब देणार आहे.

"मला तेव्हाच कळलेलं," नजीर म्हणाला. "मारताना ती क्लिपच लावलेली त्यांनी."

ती पलंगाशेजारी खाली बसली.

"मी त्यांना बोललो, अरे ती रोज असंच बोलते, आमची थट्टा असते. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. तुझा नंबर मला पाठ आहे, मीच दिला. एकानं लावला, स्पीकरवर." ओठ फुटल्यामुळे त्याला थांबून थांबून बोलावं लागत होतं. "मला वाटलं, सुटलो."

"मना कोनाचा फोन नाय आला रे."

"आला. तो बोलला, मावशी, नजीरचे पापलेट घेऊ का. तू बोललीस, मढ्यावरचे असतात ते, खाशील तर मरशील. आणि मग विचारलंस, तुला किती किलो पाठवू."

त्याची बायको तोंड फिरवून खिडकीशी गेली. मंजुळाबाईला सगळं लख्ख आठवलं. बुधवार, अकराचा सुमार, हातात अर्धी कापलेली सुरमई, खांद्यानं कानाशी दाबलेला फोन. मागं कोणीतरी ओरडत होतं. तिला वाटलं होतं, रस्त्यावरची वर्दळ. दोन किलो, तो माणूस हसत म्हणाला होता, पत्ता नंतर देतो. नवीन गिऱ्हाईक मिळालं म्हणून ती खूश झाली होती. नंबर तेवढा ठेव, असं तिनं नंतर फोन वर्षालीच्या हातात देत सांगितलं होतं.

तिनं सुनेसमोर हात पसरला. वर्षालीनं पिशवीतून सासूचा फोन काढला आणि नाव शोधलं. 'घोडबंदर पापलेट दोन किलो.' खाली नंबर होता, बुधवारची वेळही होती.

नजीरनं उघड्या डोळ्यानं ते पाहिलं. तो म्हणाला, "हे दिलंस तर तू काय बोललीस तेही कोर्टात येईल, मंजुळाबाय. सगळ्यांसमोर."

"येऊ दे," मंजुळाबाई म्हणाली आणि तिनं वर्षालीला साहेबांना फोन लावायला सांगितला.