शिडीचा पाय कुणी धरायचा

एका शहरात, एका चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला, एक रंगारी मुकादम राहायचा. घरात त्याची बायको, एक मुलगा, पुढं एक सून. हाताखाली चारपाच रंगारी. त्यातला एक सगळ्यात बुटका, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणायचे. आणि या सगळ्यांचं वजन जिनं आयुष्यभर अंगावर घेतलं, ती मी. मी शिडी बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका. आता मोठ्यानं बोललं की माझे सांधे करकरतात.

मला मुकादमाच्या मेव्हण्यानं घडवलं. तो सुतार. घरचं काम म्हणून त्यानं लाकूड चांगलं घातलं, आणि घरचं काम म्हणूनच उशीरही लावला. मालकीण, म्हणजे मुकादमाची बायको, येताजाता टोकायची, "दादा, शिडी करतोयस की जहाज?"

तयार झाले तेव्हा मुकादम माझ्यावर चढला नाही. भिंतीला टेकवलं, खाली बसला आणि माझे पाय चाचपले. ही त्याची सवय शेवटपर्यंत राहिली. काम कुणाच्याही घरी असो, आधी फरशी ओली आहे का बघायची, खाली गोणपाट अंथरायचं, मग मला उभं करायचं. माणूस वर गेला की मुकादम खाली. एक पाऊल माझ्या पायाला लावलेलं, दोन्ही हात माझ्या अंगावर, आणि नजर वर.

लोकांना याची गंमत वाटायची. या धंद्यात शिडी धरायचं काम सगळ्यात नवख्या माणसाचं. घरमालक म्हणायचे, "मुकादम, तुम्ही कशाला शिडी धरता?"

"मग काय भिंत धरू? ती कुठं पळून चाललीय?"

वर बहुतेक वेळा लंबूच असायचा. तो गायचा, आणि इतका बेसूर गायचा की शेजारच्या खिडक्या बंद व्हायच्या. पण एक सांगते, गाणारा माणूस अंगावर हलका लागतो. भ्यालेला माणूस जड लागतो, मग तो कितीही बारीक असो. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या पायऱ्यांना कळलं.

एकदा लंबूच्या हातून रंगाचा ओघळ थेट एका बाईंच्या नव्या कपाटावर गेला. बाई संतापून आल्या. मुकादम म्हणाला, "माझं चुकलं, कपाट झाकायला मीच सांगायला हवं होतं." बाई गेल्यावर लंबूकडे वर बघून एवढंच बोलला, "गाणं बदल बाबा. या गाण्यावर तुझा हात घसरतो."

पुढं मुकादमाचे गुडघे गेले आणि कारभार मुलाकडे आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. बोलायला गोड, कपडे स्वच्छ, मोठी कामं मिळवायचा. पण शिडी धरणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

"बाबा, शिडीला चिकटून उभं राहिलं तर अख्खी भिंत दिसते का? कारभार बघणाऱ्यानं लांब उभं राहावं."

मुकादम गुडघ्याला तेल चोळत म्हणाला, "भिंत दिसते रे. पण लंबू कुठं दिसतो?"

मुलगा हसला. म्हाताऱ्यांचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

मग त्याला एका शाळेच्या हॉलचं काम मिळालं. सुट्टी संपायच्या आत हॉल झाला तर सगळी इमारत तुम्हीच रंगवा, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलेलं. सगळे घाईत. त्या दिवशी फरशी नुकतीच पुसली होती, आणि गोणपाट कुणी अंथरलं नाही. मला धरून उभा होता त्या रंगाऱ्याला मुलानं रंगाचा डबा आणायला पाठवलं. "जा, मी धरतो," म्हणाला, आणि एका हातानं धरलंही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खिडकीपाशी आवाज नीट येतो, म्हणून तो खिडकीपाशी गेला.

वर लंबूचं गाणं थांबलं. तो एकदम जड झाला. मी सावरायचा प्रयत्न केला, पण ओल्या फरशीवर लाकूड काय सावरणार? माझा पाय गेला आणि लंबू डब्यासकट खाली आला.

हाड वाचलं. घोटा मात्र भोपळ्यासारखा सुजला. मुलगा धावत आला, पांढराफटक पडला होता. सगळे जमले तसा तो बोलून गेला, "ही शिडीच जुनी झालीय. हिचा काही भरवसा नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे. दुसऱ्या दिवशी कामावर कुणी आलं नाही.

हॉल अर्धा पिवळा, अर्धा मळका. शाळेकडून निरोप आला, दुसरा माणूस बघू का? एका सकाळी मुलगा कुऱ्हाड घेऊन अंगणात आला. मला वाटलं, बरं झालं, सुटले एकदाची. खरंच फार दमले होते.

मुकादम ओट्यावरून म्हणाला, "तोड. पण आधी लंबूला विचारून ये, पाय कुणाचा सरकला."

मुलानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तो गेला. परतला तेव्हा बरोबर लंबू काठी टेकत आलेला, आणि मागं बाकीचे रंगारी, तोंडं वाकडी करून. मालकीण आणि सून दारात.

मुलगा म्हणाला, "शिडी आपोआप सरकली नाही. मी धरली नव्हती. फोन आला आणि मी सोडून गेलो."

लंबू म्हणाला, "माहीत आहे की. मी वरून बघतच होतो. म्हटलं, आता येईल, मग येईल."

"मग काका, तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू लहान होतास तेव्हा खांद्यावर घेऊन फिरवलंय तुला. चारचौघांत कसा बोलू?" त्यानं काठी बाजूला ठेवली, चांगला पाय माझ्या पायाला लावला आणि मला दोन्ही हातांनी धरलं. "चढ."

मुलगा चढला. जन्मात पहिल्यांदा. काय जड होता म्हणून सांगू. प्रत्येक पायरी कण्हली.

"आता खाली बघ. काय दिसतंय?"

वरून बारीक आवाज आला, "तुमचं टक्कल, काका."

रंगारी हसले. दारात सूनही पदराआड हसली. लंबू तेवढा हसला नाही. "तेच दिसत राहायला हवं. वरच्या माणसाला दुसरं काही लागत नाही."

आणि तिथंच, वरच्या पायरीवर, मुलगा मला हलका लागायला लागला.

हॉल वेळेत झाला. घोटा उतरला तसा लंबू वर, मुलगा खाली, फोन खिशात वाजून वाजून गप्प होणारा. गोणपाट तो स्वतः अंथरायचा. गाणं तेच, बेसूर. मोठ्या बाईंनी शब्द पाळला, इमारत मिळाली. सोडून गेलेले सगळे परत आले, आणखी दोघे नवे आले. मुकादमाच्या गुडघ्यांना चांगला डॉक्टर मिळाला.

मला आता कामावर नेत नाहीत. नवी ॲल्युमिनियमची शिडी आलीय, चकचकीत. मी अंगणात टेकून असते. माझ्या पायऱ्यांवर लंगोट वाळतात, कारण सुनेला मुलगी झालीय. ती आता माझा पाय धरून उभी राहते, मान वर करून बघते. वर कुणी नसतं, तरी बघते. मुकादम म्हणतो, ही कारभार बघणार.

एवढंच सांगायचं होतं, आता पाठ टेकते. त्या घराला आले तसे चांगले दिवस तुमच्याही घराला येवोत. आणि तुम्ही वर असाल तेव्हा खाली कुणीतरी असो.