यार्देनचं लाल पाणी

एकोडीच्या खळ्यावर त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. गोष्ट ब्याऐंशी सालची. धानाची मळणी आटोपली होती, तणसाचे ढीग लागले होते आणि अख्खं गाव मोकळं होतं. पोरं कडेवर घेतलेल्या बाया कोपरानं वाट काढत पुढे घुसत होत्या, म्हातारे तणसावर चढून बसले होते, आणि आंब्याला बांधलेल्या भोंग्यातून एकच आवाज गावभर घुमत होता, "शंका सोडा! हालेलुया बोला! अरे जोरानं बोला, प्रभू बहिरा नाही, तुम्ही मुके आहात काय?"

हे ब्रदर ताराचंद. पांढरा झब्बा, पांढरीच विजार, गळ्यात वीतभर लाकडी क्रूस आणि केसांत एवढं तेल, की त्यात घाणाभर भजी तळून निघाली असती. कोणत्या चर्चनं यांना पाठवलं, हे कुणी विचारलं नव्हतं. साकोलीपासून तुमसरपर्यंत त्यांचा डंका होता. आंधळ्याला दिसलं, लंगडा धावला, असं जो तो सांगायचा. तो आंधळा आणि तो लंगडा मात्र नेहमी दुसऱ्याच गावचे असायचे.

त्यांचा मोठा चमत्कार म्हणजे पाण्याची परीक्षा. गावच्याच विहिरीचं पाणी तामचिनीच्या पांढऱ्या भांड्यात घ्यायचं. त्यात एका लहानशा बाटलीतून 'यार्देन नदीचं पाणी' ओतायचं. ज्या नदीत प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला, ती यार्देन. मग रोग्याच्या घरच्या प्रत्येकानं त्यात हात बुडवायचे. मन साफ असेल तर पाणी तसंच राहणार. मनात शंका असेल तर बोटांभोवती लाल होणार. "प्रभूचं रक्त साक्ष देतंय!" ब्रदर ओरडायचे, आणि ज्याचे हात लाल झाले त्याच्याकडे सगळं गाव बघत राहायचं. ब्रदर आपले हात सगळ्यांच्या आधी बुडवून दाखवायचे. त्यांचं पाणी कधीच लाल झालं नव्हतं.

मी सरळच सांगते, मी त्या दिवशी समाजसेवा करायला गेले नव्हते. सूड उगवायला गेले होते. मी चंद्रकांता, साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर ख्रिस्ती, आजोबांपासूनचं. दर रविवारी चर्चमध्ये जाते, जेवणाआधी प्रार्थना करते. तेव्हा माझी खुन्नस धर्मावर नव्हती, त्या एका माणसावर होती.

आदल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, एकोडीलाच दिलेल्या देवकाताईच्या पोराच्या पायात काटा मोडला. शमुवेल त्याचं नाव. आम्ही शमू म्हणायचो. एकुलता एक, नऊ वर्षांचा. पाय सुजला, सूज मांडीपर्यंत चढली, अंग तापानं भाजायला लागलं. जागेश्वरभाऊजी त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले, बैलही जुंपले होते. नेमके तेव्हाच ब्रदर गावात. "दवाखान्यात नेता? म्हणजे प्रभूवर भरोसा नाही तुमचा!" झालं, बैल सोडले. पाण्याची परीक्षा झाली. भाऊजींचे हात साफ निघाले. ताईचे लाल.

"या बाईच्या मनात शंका आहे," ब्रदरांनी भोंग्यावरून जाहीर केलं. "पोरगं वाचलं तर माझ्या प्रार्थनेनं वाचेल. गेलं तर या हातांनी जाईल!"

ताई गुडघ्यांवरून उठली नाही. पाण्याचा घोट घेतला नाही. तिसऱ्या दिवशी शमू गेला.

मी तेव्हा शाळेच्या कामानं नागपूरला होते. पोचले तोवर माती पडली होती. तुम्हाला वाटेल, लोक म्हणत असतील, ब्रदर खोटे ठरले. छे! लोक म्हणत होते, ब्रदरांनी तर आधीच सांगितलं होतं. माझ्या भाच्याच्या मरणानं त्या माणसाचा मान वाढला! आणि ताई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली. दुसऱ्याच्या लेकराला हात लावेना. शेजारणीचं पोरगं अंगणात पडून रडत असलं, तरी ही हात पदराखाली लपवून उभी.

"म्या लय प्रार्थना केली वो कांता," ती म्हणायची. "देवानं ऐकली नाई. कशी ऐकन? मीच खोटी निंगाली."

हे ऐकलं आणि मी ठरवलं, या माणसाला त्याच्याच भांड्यात बुडवायचं.

आधी त्यांची एक सभा गुपचूप पाहून आले, तिकडे नाकाडोंगरीला. डोक्यावर पदर घेऊन बायांच्या घोळक्यात उभी राहिले. हात लाल झाले ते राखेनं भांडी घासणाऱ्या बाईचे आणि तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्याचे. एका ठेकेदाराचे हात मात्र अगदी साफ. बाटलीचं बूच निघालं तेव्हा वास आला स्पिरिटचा. यार्देन नदीत स्पिरिट वाहतं, हे मला नव्यानंच कळलं. पुढचं सांगायला कुणी लागलं नाही. दरवर्षी वर्गात पोरांना मी तोच तर प्रयोग करून दाखवते.

घरी येऊन ताईला एकच गोष्ट विचारली. तिनं उत्तर दिलं, आणि मी मागच्या दारी जाऊन ढसाढसा रडले. तिला मात्र तेव्हा काही बोलले नाही. डाग गावासमोर लागला होता, तो गावासमोरच धुवायचा होता. फक्त भाऊजींना सगळं सांगितलं.

तर त्या रविवारी खळ्यावर गोमाजी शेतकऱ्याची सून बाजेवर आणून ठेवली होती, तापानं फणफणलेली. परीक्षेआधी ब्रदरांचा सत्कार झाला. भाऊजी झेंडूचा ओला, जाडजूड हार घेऊन पुढे झाले. मेलेल्या पोराचा बाप हार घालतोय म्हटल्यावर ब्रदर नुसते फुलून गेले. "बघा! याला म्हणतात विश्वास!" मग मोठी माणसं करतात तसं त्यांनी दोन्ही हातांनी हार लगेच गळ्यातून काढला, जरासा कुरवाळला आणि टेबलावर ठेवला.

भांडं आलं. विहिरीचं पाणी आलं. यार्देन ओतली गेली.

"आधी माझे हात!" ब्रदरांनी बाह्या वर सारल्या. "ज्याच्या मनात रतीभर शंका नाही, त्याचे हात बघा!"

आणि बुडवले. पाणी लाल झालं. थोडंथोडकं नाही, कुंकू कालवल्यासारखं.

मग तणसावरून एक म्हातारा ओरडला, "बाप्पा! ब्रदरच्याच मनात शंका निंगाली बे!"

जो काही हशा पिकला! ब्रदर हात झटकत होते, झब्ब्याला पुसत होते. झब्ब्यावरही लाल बोटं उमटली. "हे... हे सैतानाचं काम आहे! इथं सैतान आलाय!"

"सैतान नाही, मी आले आहे," म्हणत मी टेबलाजवळ गेले आणि बाटली उचलली. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

"ब्रदर, यार्देनचा एक घोट पिऊन दाखवा."

"ते पवित्र पाणी आहे, बाई!"

"मग तर प्यायलाच पाहिजे. का, रात्रभर लोटा घेऊन धावावं लागेल म्हणून भीती वाटते?" मी लोकांकडे वळले. "दुकानात जुलाबाच्या गोळ्या मिळतात. त्यातल्या काहींत फिनॉल्फथॅलीन नावाचं औषध असतं. गोळ्या कुटा, स्पिरिटात घोळा, झाली यार्देन तयार! साध्या पाण्यात ते औषध दिसत नाही. चुना, राख, धुण्याचा सोडा, यातलं काही लागलं की लाल होतं. आणि ब्रदरांच्या हाताला चुना कुठून आला म्हणाल, तर हाराच्या दोऱ्याला मीच चोपडला होता. हो, मीही फसवलं. पण कसं फसवलं ते तुम्हाला सांगूनच घरी जाणार आहे."

माझ्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हटलं नाही. पिशवीतून पेले काढले, विहिरीचं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले. म्हटलं, या, बुडवा. गोमाजीनं नुकतीच तंबाखू मळली होती. त्याचं बोट लाल. एका बाईनं राखेचे हात बुडवले, लाल. मी लिंबू पिळलं, लाल रंग गेला. पोरंसोरं तर रांग लावून उभी राहिली.

"आता सांगा," मी म्हटलं, "जिथं कुणी तंबाखू मळत नाही, भांडी घासत नाही, असं घर आहे का आपल्या गावात? कुणाचे ना कुणाचे हात लाल होणारच. रोगी बरा झाला, तर ब्रदरांची प्रार्थना. मेला, तर घरच्याची शंका. ब्रदर कधी हरतच नाहीत!"

मागून ताई उठली. "कांता, पन म्या तं तंबाखू खात नाई. त्या दिशी चूल नाई पेटली, भांडे नाई घासले. मंग माहे हात काहून लाल झाले?"

घरी विचारलेलंच मी पुन्हा विचारलं, "ताई, शमूच्या पायाले तू काय लावत होती?"

"गूळ-चुना. सूज उतराव म्हनून. सकाळपासून लावूनच राहिली होती..." ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"शंका नव्हती ताई तुह्या हाताले. त्याचं औषध लागलं होतं."

बायांमध्ये रडारड सुरू झाली. ताई मात्र रडली नाही. ती गर्दीतून सरळ ब्रदरांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही थोबाडीत देते. दे ताई, मी मनात म्हणत होते, कचकावून दे.

"माह्या पोराचं नाव सांगा," ती म्हणाली.

"भगिनी, मी किती लोकांसाठी..."

"त्याच्या डोक्शावर हात ठेवून तुम्ही प्रार्थना केली. नाव सांगा."

ब्रदरांची नजर इकडे गेली, तिकडे गेली. नाव काही आलं नाही.

"मंग देवाले तुम्ही कोनाचं नाव सांगलं?"

भोंगा चालू होता, त्यामुळे त्यांचा नुसता श्वास गावभर ऐकू येत होता. भाऊजींनी त्यांचं मानगूट धरलं आणि तोंड भोंग्याच्या माईकपाशी नेलं. "बोल. देवकाबाईचे हात साफ होते, बोल." ब्रदर बोलले. भाऊजींनी पुन्हा बोलायला लावलं, मोठ्यानं. कुणी दोन ठेवून दिल्या असत्या तर मी दुसरीकडे बघितलं असतं, पण तशी वेळ आली नाही. गोमाजी ओरडत होता, "गाडी जुंपा रे! साकोलीच्या दवाखान्यात नेतो पोरीले!" आणि अर्धं गाव बाज उचलायला धावलं. त्या गडबडीत ब्रदर जे पळाले, ते भांडंही मागे टाकून. एकोडीत पुन्हा दिसले नाहीत.

घरी जाताना ताईनं विचारलं, "माहे हात साफ होते, तं देवानं काहून नाई ऐकलं?"

"मले नाई माहीत ताई," मी म्हटलं. "कोनालेच नाई माहीत. आनि ज्याले माहीत हाये म्हनते ना, तो लबाड समज."

ताई मग रडली. पोर गेल्यावर आई जशी रडते तशी, मोकळी, रस्त्यातच बसून. मी तिला उठवलं नाही.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमचा देव कोणताही असो, त्याची प्रार्थना जरूर करा. पण तुमचं माणूस मेलं ते तुमचा विश्वास कमी पडला म्हणून, असं जो सांगेल, त्याला दारात उभं करू नका. लेकरू आजारी पडलं तर आधी गाडी जुंपा. प्रार्थना दवाखान्याच्या बाकावर बसूनही करता येते.