खंडित प्रत

मुद्रितशोधकाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. काचा स्वच्छच होत्या. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"बघा निवांत, घाई नाही," डॉक्टर म्हणाले. "चहा येतोच आहे."

पुस्तक टेबलावर बिस्किटांच्या बशीशेजारी पडलं होतं. बिस्किटांच्या बशीशेजारी! त्याने आधी बशी उचलून दूर ठेवली आणि मग पुस्तक जवळ ओढलं. तपकिरी कापडी बांधणी, झिजलेले कोपरे, पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मीअधिक उडालेली. हे पुस्तक त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तरीही काळोखात हाताला लागलं असतं तर त्याने ते ओळखलं असतं.

"कुठे मिळालं?" त्याने विचारलं. आवाज बऱ्यापैकी सरळ निघाला.

"अहो, गंमतच झाली. गाडी पंक्चर. चाक काढेपर्यंत शेजारच्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो, तर हे एका शिलाई मशीनखाली. मशीन डुगडुगत होतं म्हणून पायाखाली सारलेलं. उचलून बघतो तर काय, आपल्या देशाचं!"

आपल्या देशाचं. जेवताना दाताखाली खडा यावा तसा तो शब्द त्याला लागला.

तसा तो देश दोघांपैकी कुणाचाच नव्हता. दूरच्या डोंगरांत दडलेला, नकाशात करंगळीखाली झाकला जाईल एवढासा, दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी मधल्यामध्ये भरडून संपवलेला. तरुणपणी छापखान्यात असताना त्या देशाच्या इतिहासाची मुद्रितं त्याच्याकडे तपासायला आली होती. राजधानीच्या वेढ्याचं प्रकरण वाचता वाचता तो चुका काढायचंच विसरला. त्यापायी मालकाची बोलणी खाल्ली, आणि तेव्हापासून तो त्या देशाचा होऊन बसला. इतिहास, प्रवासवर्णनं, सेनापतींच्या आठवणी, तिथल्या शाळांतली जुनी क्रमिक पुस्तकं. रद्दीच्या ढिगाऱ्यांत गुडघे टेकून, नाकाला रुमाल बांधून त्याने ती एकेक करून जमवली. तिकडे जायची ऐपत कधी नव्हती, आणि खरं सांगायचं तर फारशी इच्छाही नव्हती. देश घरातल्या कपाटात होता.

मग मुलीचं लग्न ठरलं. होणारे व्याही, दातांचे डॉक्टर, घर बघायला म्हणून आले आणि कपाटासमोर थबकले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जांभई न देता त्याचं ऐकत होतं. तो बोलत सुटला. कुठली आवृत्ती दुर्मीळ, कुठल्या दुकानात माल कधी येतो, कुठला दुकानदार कशाने वितळतो, सगळं सांगून मोकळा झाला. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे त्याला त्या दुपारी कळलं नाही.

डॉक्टरांनी दवाखाना हळूहळू मुलाच्या हाती सोपवला आणि ते त्या देशाच्या मागे लागले. माणूस हसतमुख, गाडी दाराशी, आणि नशीब असं की दगड उचलावा तर खाली पुस्तक निघावं. जे दुकानदार मुद्रितशोधकाला बघून न बघितल्यासारखं करत, ते डॉक्टरांना आपणहून फोन करू लागले. का करणार नाहीत? त्यांच्यातल्या निम्म्यांच्या दाढा डॉक्टरांनीच काढल्या होत्या. बघता बघता डॉक्टरांच्या बैठकीतली अख्खी भिंत भरली. आणि येईल त्याला डॉक्टर सांगत, "हे सगळं आमच्या व्याह्यांमुळे बरं का. तेच आमचे गुरू." यापेक्षा चारचौघांत अपमान केला असता तर बरं, असं मुद्रितशोधकाला वाटायचं. पण मुलीचा सासरा. हसावं लागायचं, आणि तो हसायचा.

आता तर कळसच झाला होता. हे पुस्तक त्या देशाच्या शेवटच्या राजाच्या मोजणी अधिकाऱ्याचं. देश बुडायच्या आदल्या वर्षी हा गृहस्थ सगळी सीमा पायी हिंडला आणि त्याने जे पाहिलं ते लिहून काढलं. प्रती मोजक्याच छापल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा नव्या राज्यकर्त्यांनी जाळल्या. मुद्रितशोधकाने या पुस्तकासाठी किती उंबरे झिजवले असतील, त्याचं त्यालाच ठाऊक. आणि ते निघालं शिलाई मशीनखालून, चाक पंक्चर झालं म्हणून.

त्याने मागचा पुठ्ठा उघडला आणि घडीचा नकाशा अलगद उलगडला. टेबल भरून गेलं. प्रत्येक खिंड, प्रत्येक चौकी, गावांची जुनी नावं, जेत्यांनी बदलण्याआधीची. पूर्वेच्या कडेला, अगदी कागदाच्या काठाशी, शेवटच्या चौक्यांची बारीक रांग. तो वाकून बघत राहिला.

"पूर्ण आहे ना प्रत?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमच्याशिवाय विचारणार कुणाला!"

मुलगी चहा घेऊन आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "नाना, बाबांना दाखवलंत ना, मग काळजीच नको. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात त्यांनी. आम्ही शाळेतून घरी पत्र आणलं तरी आधी त्यातल्या वेलांट्या दुरुस्त व्हायच्या."

डॉक्टर मोठ्याने हसले. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. आपली मुलगी या घरात किती सुखात आहे, हेही त्याला त्या वेळी धड सोसलं नाही.

"नकाशा एकच आहे," तो म्हणाला.

"एकच असतो ना?"

"तीन असतात."

एकच असतो, हे त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं.

"एक सीमेचा, तो हा," तो म्हणाला. बोलणं इतकं सहज येत होतं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "एक राजधानीचा, आणि एक घाटवाटांचा. दोन गेलेत." त्याने शेवटच्या पानामागे बोट फिरवून फाटल्याची खूण चाचपल्यासारखंही केलं. "खंडित प्रत आहे. वाचायला ठीक. संग्रहात मिरवण्यासारखी नाही."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. हातातला फुगा फुटलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा उतरला. मुद्रितशोधकाने चहाचा घोट घेतला. इतका चांगला चहा त्याने त्या घरात कधी प्यायला नव्हता.

घरी आल्यावर बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"आज स्वारी खुशीत दिसते. व्याह्यांकडून येताना एरवी तोंड एवढंसं झालेलं असतं."

"काही नाही. गप्पा झाल्या."

त्याचा बेत साधा होता. घाई करायची नाही. डॉक्टरांचं मन त्या पुस्तकावरून उडू द्यायचं. मग कधीतरी उठता उठता, चपला घालताना म्हणायचं, "अहो, ते फाटकं पुस्तक नुसतं पडलंच असेल, तर द्या. चाळून बघतो." व्याह्यांनी वाचायला नेलेलं खंडित पुस्तक परत कोण मागतं? तो हे वाक्य अंघोळ करताना म्हणून बघायचा, भाजी निवडताना म्हणून बघायचा. "फाटकं" म्हणावं की "जुनं", यावरच दोन दिवस गेले.

मुलीचा फोन आला की तो इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारायचा.

"नाना काय वाचतायत सध्या?"

"तेच, तुम्ही नापास केलेलं पुस्तक," मुलगी म्हणाली. "सोडतच नाहीत ते. पेन घेऊन रेघा मारत बसतात. मी म्हटलं, अहो, जुनं पुस्तक आहे. तर म्हणतात, खंडितच आहे, आता कशाला जपायचं? बाकीच्या पुस्तकांना हात लावायची भीती वाटते, हे मेलं आपलं वाटतं."

"पेनाने?"

"हो, निळ्या."

त्या रात्री त्याने ताट तसंच बाजूला सारलं. डोळ्यांपुढे निळ्या रेघा येत होत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे आरामखुर्चीत रेलून, पाय पसरून, मजेत वाचत बसलेले डॉक्टर दिसत होते. ते सुख त्याचं होतं. त्यासाठी तो आयुष्यभर थांबला होता, आणि स्वतःच्या तोंडाने त्याने ते त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं होतं.

"रविवारी मुलीकडे जाऊन येतो," तो म्हणाला.

"गेल्या खेपेला महिनाभर नाव काढलं नव्हतंत," बायको म्हणाली. "आता काय एवढं?"

"मुलगी आहे माझी. कारण लागतं का?"

रविवारी तो शर्टाची बटणं लावत असतानाच दारावरची बेल वाजली. दारात डॉक्टर उभे. मागे मुलगी. दोघांनी मिळून एक मोठी, चपटी, कागदात गुंडाळलेली वस्तू धरली होती, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर गुपित मावत नव्हतं.

"आधी बसा तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "वहिनी, तुम्हीही या बाहेर."

त्यांनी कागद फाडला. आत चौकट होती, रुंद काळ्या लाकडाची. काचेमागे नकाशा होता.

मुद्रितशोधक उठला आणि परत बसला.

"मीच सोडवला, ब्लेडने," डॉक्टर म्हणाले. "दात काढायचा हात आहे, कुठे ओरखडा दिसतो का बघा. नुसता चौकटवाल्याने घोळ घातला. काच आखूड पडली म्हणून कडा जरा छाटल्या त्याने."

पूर्वेची चौक्यांची रांग नव्हती. डोंगर मध्येच तुटले होते आणि लगेच काळं लाकूड सुरू होत होतं. त्या देशाची पूर्वेची सीमा पुन्हा एकदा गेली होती.

"पुस्तक पूर्ण असतं तर त्याला ब्लेड लावायची माझी छाती झाली नसती," डॉक्टर म्हणत होते. "पण म्हटलं, खंडितच आहे, तर निदान नकाशा तरी योग्य घरी जाऊ दे. त्या दिवशी तुम्ही तो उलगडलात ना, तेव्हा तुमचा चेहरा पाहिला होता मी. माझ्या सगळ्या भिंतीकडे बघूनही मला कधी तसं झालं नाही."

"बाबा, बोला ना काहीतरी," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"छान आहे," तो म्हणाला. "फारच छान आहे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती चहा टाकायला म्हणून आत गेली.

डॉक्टरांनी खिळा-हातोडाही बरोबर आणला होता. ते कपाटाशेजारच्या स्टुलावर चढले. स्टूल हलू नये म्हणून मुद्रितशोधकाने ते दोन्ही हातांनी धरलं.

"एक गंमत सांगायची राहिली," वरून डॉक्टर म्हणाले. खिळा ओठांत होता, शब्द जरा बोबडे येत होते. "तो चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा म्हातारा आला होता माझ्याकडे, कवळी सैल झाली म्हणून. त्याला पुस्तक दाखवलं. तर म्हणतो, डॉक्टर, याला नकाशा एकच असतो, प्रत पूर्ण आहे, मला देऊन टाका."

मुद्रितशोधकाने स्टूल आणखी घट्ट धरलं.

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, आमचे व्याही तीन म्हणतात, म्हणजे तीन. तुम्ही दुकानदार, तुम्हाला लाटायचंय म्हणून सांगताय. त्यांना काय पडलंय खोटं बोलायचं?" त्यांनी खिळा ठोकला. "दुसऱ्याच दिवशी नकाशा सोडवला. म्हटलं, नसता संशय मनात राहायला नको."

ते हसत होते. इतकं जपलेलं काही हातातून सोडून देता येणं, आणि देताना असं मनापासून हसू फुटणं, हे मुद्रितशोधकाला जन्मात जमलं नसतं. त्याला त्या हसण्याचाच हेवा वाटला, सगळ्या पुस्तकांचा मिळून वाटला नव्हता इतका.

डॉक्टरांनी चौकट खिळ्यावर टांगली, मान मागे घेतली आणि विचारलं, "सरळ आहे का? लांबून बघा. तुमचा डोळा हवा याला."

त्याने स्टूल सोडलं आणि तो दाराजवळ जाऊन उभा राहिला. मुलगी त्याच्याकडे बघत होती. डॉक्टर बघत होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा त्याला भरवसा नव्हता.

"डावी बाजू," तो शेवटी म्हणाला, "जरा वर घ्या."