रेटाचा पाचवा गिअरबॉक्स

आमच्या सासरी एक वाक्य फार लाडकं आहे. रविवारी चर्चहून आल्यावर सासूच्या टेबलावर चीज घातलेल्या बटाट्यांचं पातेलं फिरायला लागतं, आणि कुणीतरी विचारतं, "काय, ट्रक कसा पळतोय?" मग माझी नणंद जोलिन घास गिळून म्हणते, "गिअरबॉक्स मोडत नाही, रेटा मोडते." सगळे हसतात. सासूबाई आर्विला रुमाल तोंडाला लावून हसतात, पण हसतातच. रेटा म्हणजे मी.

माझे चार गिअरबॉक्स मोडले होते हे खरं आहे. पण माझा नवरा वर्लन माझ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाची ताकद वाढवत वाढवत नऊशे घोड्यांवर घेऊन गेला होता आणि त्याच्या मागे होता कंपनीतून आलेला साधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हत्तीला सुतळीनं बांधायचं आणि सुतळी तुटली की माहुताला बोल लावायचा, त्यातला प्रकार. जोलिनचं इंजिन सहाशे घोड्यांचं. तिची सुतळी टिकायची. सप्टेंबरच्या शर्यतीत रस्त्यावर चालणाऱ्या डिझेल ट्रकांच्या वर्गात ती सहा वर्षं पहिली येत होती, आणि त्यातली शेवटची चार वर्षं मी तेलाच्या थारोळ्यात उभी.

शर्यतीचं एक वेळ सोसलं असतं. पण त्या वाक्याचे पाय शेतापर्यंत पोचले. बीट आणि बटाटे काढायच्या हंगामात आमच्या सगळ्या कुटुंबाचे ट्रक एकत्र चालतात आणि कोण काय चालवणार ते जोलिन ठरवते. गेली दोन वर्षं तिनं मला मोठा ट्रक दिला नव्हता. मी कोठारात सरकत्या पट्ट्याशी उभी राहून बटाट्यातले दगड वेचत होते. सतराव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकणारी बाई मी, आणि दगड वेचतेय. रोज संध्याकाळी पाठ दुखायची आणि त्याहून जास्त डोकं दुखायचं.

ऑगस्टात वर्लन बॉयसी शहरातून परतला तेव्हा त्याच्या ट्रेलरवर ताडपत्रीखाली काहीतरी होतं.

"काय आणलंस?"

"रेसचा गिअरबॉक्स," तो म्हणाला. "आता सबब उरणार नाही."

"माझी की तुझ्या बहिणीची?"

"जिची असेल तिची," असं म्हणून तो हात धुवायला गेला. माझा नवरा असाच आहे. शब्द जपून वापरतो, जणू ते शेजाऱ्याकडून मागून आणलेत.

बीटच्या शेडमध्ये आम्ही ट्रक वर उचलला. जुना गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा त्याच्या तेलात झिजलेल्या धातूचा चंदेरी चुरा चमकत होता. नवा त्याच्यापेक्षा आखूड होता, म्हणून खालचा आडवा दांडा पुढे सरकवून नवी भोकं पाडावी लागली आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब करून घ्यावा लागला. मला सगळं आजच्या आज हवं होतं. सगळ्यात पुढे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा कन्व्हर्टर बसतो, जाडजूड परातीएवढा. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा, एकेक खाच धरत. नीट आत गेला नाही आणि वरून बोल्ट आवळले, तर इंजिन सुरू होताच आतला पंप फुटतो.

"बसलाय," मी म्हटलं.

"नाही बसला."

"अरे, मला टक् ऐकू आलं."

"अजून एक टक् राहिलंय."

मी पाना आपटला आणि बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. परत आले तर तो तसाच, तळहातानं कन्व्हर्टर फिरवतोय. मग खरोखर एक टक् झालं आणि ती परात बोटभर आत सरकली. मी आपटलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला. 'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

या गिअरबॉक्सची तऱ्हाच वेगळी. तीनच गिअर, आणि ते आपणहून बदलत नाहीत, हातानंच बदलायचे. एक बटण दाबून धरलं की तो गाडीला आतून जखडून ठेवतो. पाय पूर्ण दाबा, टर्बोत हवा कोंडू द्या, गाडी जागेवर थरथरत राहते. बटण सोडलं की सुटली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिअरच्या दांडीचा क्रम उलटा. आमच्या सगळ्या ट्रकांत दांडी मागे ओढली की गिअर खाली येतो. यात मागे ओढली की वर चढतो.

"चर्चला याच गाडीनं जायचं, दुकानात याच गाडीनं जायचं," वर्लन म्हणाला. "डोक्याला कळलंय. हाताला कळायला पाहिजे."

पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर बटण सोडलं तेव्हा माझं डोकं सीटवर आदळलं आणि मी चक्क गाऊ लागले. चर्चमधलं गाणं होतं ते, पण त्या वेळी चर्चमध्ये गातात तसं नव्हतं. दुसरा गिअर, तिसरा गिअर, दोन्ही बाजूंनी बीटची शेतं हिरव्या रेघा झालेली. मला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, आणि शेजारी वर्लनच होता.

मग आली नदीकडची उतरण. या वेळी मागे ट्रेलर जोडलेला, त्यावर गवताच्या गाठी. आमच्या भागात पोराला चालायला यायच्या आधी हे शिकवतात की भरल्या गाडीनं उतरताना ब्रेक जाळायचे नाहीत, दांडी मागे ओढायची, इंजिनच गाडी धरून ठेवतं. मी दुसऱ्यात होते. वळण आलं, पूल दिसला, आणि माझ्या हातानं मला न विचारता दांडी मागे ओढली. झाला की तिसरा! ट्रक धरून ठेवायचा सोडून मोकळा सुटला, आणि मागून गवत ढकलायला लागलं.

"पुढं ढकल," वर्लन म्हणाला, कुणी मीठ मागावं तसा.

मी दांडी पुढे ढकलली. इंजिन ओरडलं, ट्रेलर वळवळला, आणि आम्ही पुलावर पोचलो ते मधल्या रेषेवरून. पलीकडे गाडी थांबवून मी खाली उतरले आणि गवताच्या गाठी मोजल्या.

"हात शेतकऱ्याचा आहे तुझा," वर्लन म्हणाला. "वाईट नाही ते. पण उद्या परत इथंच यायचं."

आम्ही रोज त्याच उतरणीवर गेलो. आठवड्यानं माझा हात शहाणा झाला.

शर्यतीच्या दिवशी आमच्या वर्गात एकच अट असते. ट्रक स्वतःच्या चाकांवर यायला पाहिजे, दुसऱ्या गाडीवर लादून आणलेला चालत नाही. मी पोचले तेव्हा जोलिन आधीच बाह्या सरसावून बसली होती. तिनं माझ्या गाडीखाली वाकून पाहिलं.

"पाचवा का?"

"पाचवा."

"बघू किती वाजेपर्यंत टिकतो."

"तुझं इंजिन का एवढं गुरगुरतंय?"

"तुझ्या नवऱ्याला विचार, रेसचा गिअरबॉक्स कुणी आणला ते. मी काय गप्प बसणार होते? वाढवलंय मी पण. साडेआठशे."

नऊशेच्या मागे साधा गिअरबॉक्स किती टिकतो हे मला चांगलंच माहीत होतं. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

मैलाच्या आठव्या भागाएवढी सरळ पट्टी, एका वेळी दोन ट्रक, हरेल तो बाहेर; मी एकेक फेरी जिंकत गेले. गिअरबॉक्स एखाद्या मन लावून काम करणाऱ्या गड्यासारखा चालत होता. माझी सगळ्यात चांगली वेळ सात पूर्णांक सव्वीस सेकंदांची. शेवटच्या आधीच्या फेरीत जोलिन सुटली, अर्ध्या वाटेवर मोठा धाडकन आवाज झाला आणि तिच्या ट्रकखालून लाल तेलाचा पट्टा निघाला. तरी समोरच्याची गाडी आधीच बंद पडली होती, म्हणून ती घरंगळत रेषेपार गेली आणि जिंकली. अंतिम फेरी आम्हा दोघींत, आणि तिच्याकडे गाडी नाही.

कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, "काय जोलिन, आज कुणी मोडला?" लोक फिदीफिदी हसले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. जोलिन गाडीखालून निघालेलं ते तेल बघत उभी होती. चार वर्षं मी तशीच उभी राहायचे.

सुरुवातीच्या दिव्यांपाशी बर्डेल बसतो. सत्तरीचा आहे आणि तिथं तोच कायदा. तो म्हणाला, "रेटा, तू एकटी निघालीस तरी जिंकल्याची पाटी तुझीच. चल आटप."

तेवढं ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की यानं काहीच होणार नाही. रविवारी टेबलावर ती म्हणणार, समोर कुणी नसताना जिंकली. आणि मी पुन्हा दगड वेचणार.

मी किल्ली तिच्यापुढे धरली. "माझी गाडी तू चालव. मग मी चालवते. एकच गाडी, एकच गिअरबॉक्स. घड्याळ सांगेल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ते लग्नातच फिरलं. घेतेस की घाबरतेस?"

ती घाबरत नाही. वर्लन फक्त एवढंच म्हणाला, "रेटा, इंजिन फुटलं तर हंगामाच्या तोंडावर माझ्याकडे दुसरं नाही."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. बर्डेलनं टोपी डोळ्यांवर ओढली. "शेवटची फेरी रेटाची. त्याआधी कुणी चाचणी घेतली तर मी तिकडे बघत नाही."

मी तिच्या शेजारी बसून तिचा हात दांडीवर ठेवला, वर माझा हात. "मागे ओढलीस की वर. पुढे ढकललीस की गिअर सुटला आणि इंजिन फुटलं. मागे. म्हण."

"मागे."

"डोळे मिटून."

"मागे, मागे. तू शिक्षिका व्हायला हवी होतीस, पोरं रडली असती."

ती रेषेवर गेली. बटण दाबून पाय दाबला. ट्रक थरथरला, काळा धूर निघाला. मी असते तर तेव्हाच सोडलं असतं. तिनं नाही सोडलं. अजून दाबून धरलं, टर्बोची शिट्टी इतकी चढली की माझे दात शिवशिवले, आणि मग सोडलं. पुढची चाकं जमिनीवर होती की नव्हती, देव जाणे. दुसरा. तिसरा. दोन्ही वेळा दांडी मागे. मी कुंपणाला धरून उड्या मारत होते, कुणाच्या बाजूनं ते मलाही कळत नव्हतं.

आणि मग मला आठवलं की शेवटचं सांगायचं राहिलंच. रेषा ओलांडल्यावर दांडीला हात लावायचा नाही, फक्त ब्रेक. त्या वेगात कुणी उलटा क्रम आठवून गाडी हळू करायला दांडी पुढे ढकलली, तर पहिल्या गिअरपाशी गिअरबॉक्सचे तुकडे होतात. मी पळत सुटले, जणू ताशी नव्वद मैलांच्या गाडीला मी पोचणार होते.

काही झालं नाही. ती वळून परत आली, खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "तुझी गाडी धरतच नाही गं. मी गिअर खाली घ्यायला दांडी ओढतेय, ओढतेय, ती जागची हलेना."

दांडी आधीच मागच्या टोकाला होती. जोलिनचा हातही शेतकऱ्याचाच. मी रस्त्यावर मटकन बसले आणि हसत सुटले. ती उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारून तिनं वाकून गिअरबॉक्स पुन्हा पाहिला. फलकावर वेळ लागली, सात पूर्णांक एकवीस.

मी गाडीत बसले. आता मला कळलं होतं की अजून थांबायचं असतं. बटण दाबलं, पाय दाबला, टर्बो ओरडायला लागला आणि मी थांबले, थांबले, माझ्या आयुष्यात इतकी कधी थांबले नव्हते. सोडलं. छातीवर जणू कुणी पोतं टाकलं. दुसरा, तिसरा, रेषा. मी आजवर चालवलेली सगळ्यात सुंदर फेरी होती ती, आणि फलकावर आकडा आला, सात पूर्णांक बावीस.

पाटी माझ्या नावाची आणि वेळ तिची. मी हेल्मेट सीटवर आपटलं. आनंदानं माझं ऊर भरून आलं होतं आणि रागानं कान तापले होते, दोन्ही एकदम. गिअरबॉक्स मात्र तसाच्या तसा, तेल गुलाबी आणि स्वच्छ. वर्लननं ते मला दोनदा दाखवलं. जोलिन तिचा ट्रक दुसऱ्या गाडीला दोरीनं बांधून घेऊन निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये मी प्रवचनातला एक शब्दही ऐकला नाही. ती काय बोलणार ते मी मनातल्या मनात तिच्याऐवजी बोलत होते: माझ्या गाडीतसुद्धा मीच पुढे, हात शेवटी हात असतो. सासूबाईंच्या टेबलावर मी कोपऱ्यात बसले. पातेलं फिरलं. माझ्या चुलतदिरानं काटा वर करून विचारलं, "मग, यंदा रेटानं मोडला का नाही?"

लोक हसायच्या बेतात होते. मी तोंड उघडलं, पण जोलिन आधी बोलली.

"ती कधीच मोडत नव्हती," ती म्हणाली. "मी ती गाडी चालवलीय. चार मोडले म्हणून हसतो आपण. त्या इंजिनामागे एकेक साधा गिअरबॉक्स तिनं वर्षभर टिकवला. माझा एक दिवस नाही टिकला."

सासूबाईंनी रुमाल मांडीवर ठेवला.

"परवापासून बीट काढायला लागायचंय," जोलिन माझ्याकडे न बघता म्हणाली. "मोठा ट्रक रेटाकडे. दगड वेचायला दुसरं कुणी बघा."

मी बटाट्यांचं पातेलं आधी तिच्यापुढे सरकवलं. वर्लन म्हणतो, लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.