बँकर सुटला मागं

आमच्या सुरजच्या गाण्याचा अर्थ लावायला अनघा मॅडम पुण्याहून खंडाळ्याला आल्या, त्याच रविवारी मी घरात माझी गोष्ट सांगणार होते. मी काम करते त्या हॉटेलची पुण्यात नवी शाखा निघाली होती. तिथं हाउसकीपिंगची सुपरवायझर म्हणून मॅनेजर राजेंद्र सरांनी माझं नाव पुढं केलं होतं. राहायला खोली मिळणार होती, अर्धवट सुटलेलं कॉलेजही करता आलं असतं. बाबा गेले तेव्हापासून मी लोकांच्या चादरी बदलतेय. मला जायचं होतं, बाई. फार जायचं होतं. सोमवारी फक्त होकार कळवायचा होता.

सुरज माझा धाकटा भाऊ. रॅप करतो. त्याच्या गाण्यातलं निम्मं मला कळत नाही, आणि उरलेलं निम्मं त्याला. पण नव्या गाण्यातल्या दोन ओळींवरून कमेंटमध्ये नुसती हाणामारी चालली होती:

धुक्याला दार नाही, तरी कडी लागते,
बँकर सुटला मागं, तेव्हा गाडी पळते.

कुणी लिहिलं, बँकर म्हणजे बँकवाला, कर्ज फिटलं की माणूस सुटतो. कुणी त्यात भांडवलशाही शोधली. अनघा मॅडमचं चॅनेलच मुळी असल्या अवघड ओळी उलगडून दाखवायचं. त्यांनी आमच्या ओट्यावर कॅमेरा लावला, सुरजला आणि आईला समोर बसवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तर मॅडम सांगत होत्या, "इथे बँकर हे व्यवस्थेचं प्रतीक आहे."

सुरज नुसता हसत होता. हा पोरगा हसूनच वेळ मारून नेतो. माझ्याच्यानं राहवेना. मेलं माझं तोंड कधी गप्प बसलंय?

"व्यवस्था कसली डोंबलाची," मी म्हणाले. "बँकर म्हणजे मागचं इंजिन. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागून लावतात. ते ढकलत ढकलत वर आणतं, मग लोणावळ्याला त्याला सोडवतात आणि गाडी जाते पुढं पुण्याला. आमचे बाबा त्याच्यावरच होते. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

मॅडमचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "मग गाण्यातला बँकर कोण?"

"ही," सुरज म्हणाला. "माझी यशोताई."

मॅडमनी कॅमेरा माझ्याकडं वळवला.

"बाबा गेल्यावर हिनं मला ढकलत वर आणलं," सुरज सांगत होता. "स्वतःचं कॉलेज सोडलं, मला माइक घेऊन दिला. आता मी पुण्याला चाललोय, स्टुडिओत काम मिळालंय. ताई हितं आईजवळ राहील. बँकर कधी पुण्याला जातो का, मॅडम?"

मनापासूनच बोलत होता, तीच तर पंचाईत.

आईनं पदर डोळ्याला लावला. "व्हय गं बाय. सुरज गेला तरी तू हायेस, म्हून मला घोर न्हाई."

मी हसले. कॅमेऱ्यासमोर दुसरं काय करणार? एवढी आरती चाललेली असताना 'मीपण जाणार आहे' म्हणायला जीभ रेटेना. बँकर म्हणजे काय ते मीच शहाणपणानं सांगितलं, आणि या लोकांनी मला त्यातच बसवून टाकलं. इतका संताप आला होता, पण चिडायचं कुणावर? कुणी वाईट बोललं असतं तर चांगली सुनावली असती.

सोमवारी मन घट्ट करून राजेंद्र सरांकडं गेले. त्यांच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ चालू होता.

"रडवलंस यशोधरा," ते म्हणाले. "बरं झालं आधीच कळलं. नाहीतर तुला नाही म्हणायला अवघड गेलं असतं. तुझ्याऐवजी सविताला पाठवतोय पुण्याला."

"सर, मला जायचंय."

"अगं, संकोच कसला? आईला टाकून तू कशी जाशील? भाऊ बोललाच की."

"तो बोलला. मी नाही बोलले, सर."

त्यांनी व्हिडिओ बंद केला. मग म्हणाले, "सविता हो म्हणून बसलीय. आता कसं करायचं?"

शुक्रवारी सुरजला सोडायला लोणावळा स्टेशनवर गेले. मुंबईहून आलेल्या गाडीत त्याला जागा मिळाली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं माझा हात धरला.

"ताई, लोक आता पहिल्या ओळीचा अर्थ विचारतायत. धुक्याची कडी. काय सांगू? मी तर नुसती यमकासाठी लिहिली होती."

"मला विचार," मी म्हणाले.

पण तोवर मागचं इंजिन सोडवून झालं होतं, आणि गाडी हलली.