दुसरीची मास्तरीण

अंबुबाईंचं टाचण भाकरीसोबत होई. चार इयत्ता, एकटी मास्तरीण आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू. टाचणवही भरत बसायला सवड कुणाला? भाकरी तव्यावर पडली की त्या चुलीतला विझलेला कोळसा उचलत आणि भिंतीवर चार ओळी ओढत: कुठली इयत्ता, काय शिकायचं, कोण शिकवणार. भाकरी फुगेपर्यंत दिवस आखून होई. शाळेत गेल्यावर तेच वहीत शाईनं उतरे.

युक्ती साधी होती. ज्याला पाठ नीट येतो, त्यानं अर्धा तास खालच्या इयत्तेला शिकवायचं. तोवर बाई बाकीच्या इयत्तांना मोकळ्या.

पण दुसरीच्या पावकीपाशी, म्हणजे पाव पटीच्या पाढ्यापाशी, घोडं अडलं होतं. चौथीतली मोठमोठी पोरं फळ्यापाशी उभी राहून पाच पाव दीड म्हणत, आणि बाहेरच्या पायरीवरून हळूच आवाज येई, ‘सव्वा.’

तो नीलम्माचा आवाज. अस्पृश्य वस्तीतली ही पोर दोन वर्षं दाराबाहेर बसत होती. आत बसणारा आपल्याच इयत्तेचं ऐकतो, दारात चारही ऐकू येतात. त्यामुळे तिला सगळ्यांचं सगळं पाठ झालं होतं. त्या सकाळी अंबुबाईंनी भिंतीवर लिहिलं, ‘दुसरी, पावकी, नीलम्मा.’ पुसायला त्यांनी पदराचं टोक उचललंही. पण त्यांनी ते पुसलं नाही.

शाळा रावजी मुकादमांच्या पुढच्या खोलीत भरे. गिरणीत त्यांचा शब्द चाले, शाळेच्या कमिटीतही. त्यांची सोना दुसरीत होती. वहीतलं नाव दुपारपर्यंत त्यांच्या कानी गेलं आणि ते दारात येऊन उभे राहिले. आवाज मात्र मऊ होता.

“बाई, तुमी शिकलेल्या, म्या काय सांगावं? नाव तेवढं खोडा. पायरीवरनं शिकवू द्या की तिला, आमी कुटं न्हाय म्हंतो?”

क्षणभर अंबुबाईंना तेही पटलं. पोर शिकवील, शाळा राहील, सासूचं औषधपाणी चालेल. मग त्यांची नजर पायरीवर गेली. दोन वर्षं त्याच पायरीवर नीलम्मा पाटी ठेवून चार पावलं मागं सरत होती, आणि बाई लांबूनच वाकून ती तपासत होत्या. हे तिला रावजींनी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी खुद्द अंबुबाईंनीच शिकवलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“पाटी तपासायची तर हातात घ्यावी लागते, रावजी,” त्या म्हणाल्या. “मी घेतली नाही, ती चूक माझी. नाव बरोबर आहे. ते मी खोडणार नाही.”

“मग उद्या कुलूप बघा.”

दुसऱ्या दिवशी कुलूप होतंच. फळा आत अडकला होता. निम्म्या आया पोरांना ओढत घरी घेऊन गेल्या. बाईंनी पदराची गाठ सोडली, कोळसा काढला आणि नीलम्माच्या हातावर ठेवला. रावजींच्या घराची भिंत पांढरीशुभ्र होती, दिवाळीचा चुना अजून ताजा होता.

“लिही,” बाई म्हणाल्या.

नीलम्मानं पावकी लिहिली, तीही चांगली टपोऱ्या अक्षरात. उरलेली पोरं गल्लीत बसून ती उतरवू लागली. घरातून सोना बाहेर आली. मागून बापाची हाक आली, तरी ती थांबली नाही. भिंतीवरचं उतरवून तिनं पाटी नीलम्मापुढं धरली. नीलम्मा सवयीनं मागं सरली.

“घे की,” सोना म्हणाली. “पाच पाव बरूबर हाय का बघ.”

नीलम्मानं बाईंकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी पाटी घेतली. दारात उभे असलेले रावजी सगळं पाहत होते. कुलूप काही त्यांनी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी तव्यावर पडली. नोकरी राहिली की गेली, हे अंबुबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी कोळसा उचलून लिहिलं, ‘दुसरी, निमकी, नीलम्मा.’ आणि पुढं जागा लिहिली: ‘मुकादमांची भिंत.’