डॅनिकाची उडी

मी एक जुना मालिशचा बाक आहे. माझे पाय जारा नावाच्या लाल लाकडाचे, वर कातडी गादी. मित्रांनो, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका बंदरगावात, मैदानाच्या प्रेक्षकगॅलरीखाली माझी खोली आहे. आमच्याकडचा फुटबॉल लंबगोल चेंडूचा. तो झेलायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून उंच उडावे लागते. त्यामुळे मला गिऱ्हाइकांची कधी वाण पडली नाही.

“या बाकावर पडलं की अर्धं दुखणं पळतं,” असे खेळाडू म्हणत, तेव्हा माझी गादी फुगायची. मग बटण दाबताच वर-खाली होणाऱ्या पोलादी खाटा आल्या आणि मी रंगाच्या डब्यांमागे गेलो. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

पुढे मुलींचा संघ उभा राहिला. मालिश करणाऱ्या नॉरीनने मला ओढून बाहेर काढले, तेलाने पुसले आणि म्हणाली, “पुरुषांच्या संघाला बटणं लागतात. आपल्याला हात पुरे.”

त्या संघात डॅनिका राडिच आली. समुद्रातली शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरणाऱ्याची पोर, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. क्लबने तिला पगारी खेळाडू म्हणून घेतले होते. पहिल्याच सामन्यात तिने अशी झेप घेतली, की डोक्यावरची गॅलरी पायांच्या ठोक्यांनी दणाणली. पण थोड्याच दिवसांत तिला उचलून माझ्यावर निजवले.

“नॉरीन, खरं सांग. गेला ना गुडघा?”

“गेलाय. पण तू आहेस ना अजून?”

शस्त्रक्रिया झाली. वर्षभर ती माझ्यावर पडून पाय उचलत राहिली, शिव्या देत, कधी रडत. गुडघा बरा झाला. भीती मात्र गेली नाही. सरावात चेंडू वर गेला, की तिचे पाय जमिनीला चिकटत.

“मी बाबांच्या बोटीवर जाते,” एकदा ती म्हणाली. “ते म्हणतात, शेवंडं कुणाला उड्या मारायला लावत नाहीत.”

“जा की. पण शनिवारी संघात नाव आहे, तेवढं खेळून जा. तुझ्याऐवजी मी उतरले तर दोन स्ट्रेचर लागतील!”

शनिवारी वर एकदम शांतता पसरली. मग गॅलरी गरजली. थोड्या वेळाने दोघी मैत्रिणी डॅनिकाला धरून आत घेऊन आल्या. ती पांढरीफटक पडली होती. माझा जीव लाकडातच गोठला.

“कुठं दुखतंय?” नॉरीनने गुडघा चाचपला.

“तिथं नाही. मागं. बसायच्या जागी. वरून आपटले गं!”

“वरून? म्हणजे उडी मारलीस?”

डॅनिकाने मान वर केली. “मारली की!” ती म्हणाली, जणू तिलाच ही बातमी आत्ता कळत होती.

“आणि चेंडू?”

“सोडला नाही. गोल मारला, मग लंगडत आले.”

नॉरीनने बर्फाची पिशवी नको तिथेच थापटली. डॅनिका किंचाळली, मग हसत सुटली. खेळ संपायच्या आत ती पुन्हा मैदानात होती.

ती बोटीवर गेली नाही. दर आठवड्याला माझ्याकडे येते, कुठले तरी नवे दुखणे घेऊन.

माझा एक पाय आता डुगडुगतो, कातडीला भेगा पडल्यात. मित्रांनो, अधूनमधून तेलाचा हात फिरवलात तर मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन. आणि माझ्यावर कोणी पडलेले दिसले, तर दाराशी उभे राहून ‘कधी उठणार?’ असे विचारू नका. आत या. बर्फाची पिशवी धरायला इथे नेहमीच एक हात कमी पडतो.